कोतवालाची वही आणि पलटणीचा कागद : भंडारा जिल्ह्यातील रणात पडलेल्या सैनिकांचा माग

भंडारा जिल्ह्यातून सैन्यात गेलेल्या आणि रणावरून परत न आलेल्या माणसाचे चरित्र लिहू पाहणाऱ्या संशोधकाला साधनांच्या तुटवड्यापेक्षा त्यांच्या विखुरलेपणाचा त्रास अधिक होतो. त्या माणसाच्या मृत्यूची नोंद लष्करी दफ्तरात, रोमन लिपीत आणि पुष्कळदा परदेशात असते. जन्माची नोंद गावच्या कोतवालाच्या वहीत, बहुधा नावाशिवाय असते. आणि मधली वीस-पंचवीस वर्षे शाळेच्या, शेतसाऱ्याच्या व टपालाच्या कागदांत इतकी तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असतात, की या दोन टोकांचा माणूस एकच आहे हे आधी सिद्ध करावे लागते. लष्करी इतिहासाचे वाचक पलटणीच्या कागदांकडे प्रथम वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु भंडाऱ्यापुरते बोलायचे तर पलटणीचा कागद मृत्यू सांगतो आणि गावचा कागद आयुष्य सांगतो, म्हणून शोधाला सुरुवात मृत्यूपासून करून मागे मागे जावे लागले, तरी मुक्काम अखेर तहसिलीच्या अभिलेख कक्षातच करावा लागतो.

मृताचे नाव टिकवण्याची धडपड या जिल्ह्यात फार जुनी आहे. वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेल्या छायास्तंभाचा लेख सापडला असून तो वा. वि. मिराशी यांनी प्रकाशात आणला. छायास्तंभ म्हणजे मृत व्यक्तीची प्रतिमा किंवा आठवण धारण करणारा दगडी खांब होय. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू राजांच्या काळातील असे अनेक खांब मिळाले असून त्यांत राजाबरोबर सेनापतीचे आणि लढाईत पडलेल्या योद्ध्यांचेही खांब आहेत. पवनीचा लेख साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानला जातो. त्यात नाव आहे, पदवी आहे आणि खांब कशासाठी उभारला तेवढे आहे. क्षत्रपांच्या घराण्यातील हा माणूस वैनगंगेपर्यंत कसा पोहोचला आणि तो लढताना पडला की कसा, यांविषयी दगड गप्प आहे. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली पवनीत झालेल्या उत्खननात मौर्य-सातवाहन काळातील मोठ्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले, त्यामुळे ही नगरी किती संपन्न होती हे कळते आणि तिच्यावर परक्यांचा डोळा का असावा याचा अंदाज बांधता येतो. नाव, हुद्दा आणि मृत्यू एवढेच सांगून थांबणारी ही नोंदीची रीत पुढील अठराशे वर्षांत फारशी बदलली नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात सैनिकाची नोंद दगडाऐवजी जमिनीवर होऊ लागली. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार समाजात अशी परंपरा सांगितली जाते, की भोसल्यांच्या कटकवरील स्वारीत त्यांच्या पूर्वजांनी चाकरी केली आणि तिच्या बदल्यात त्यांना नदीच्या खोऱ्यातील पडीक व जंगलव्याप्त जमिनी लागवडीस मिळाल्या. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही ही परंपरा नोंदलेली आहे. तिच्यात मेलेल्यांची नावे नाहीत, त्यांच्या वारसांची गावे आहेत. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांची फौज हरली, १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली. या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खोऱ्यातील शिपाईपेशा जवळजवळ संपला. नागपूरजवळ कन्हान नदीकाठी १८२१ साली कामठीची छावणी वसली, पण ती मुख्यत्वे मद्रासी पलटणींची होती. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या लेखी कामठी ही धान, गुरे आणि मजुरी विकण्याची बाजारपेठ होती. भरती होण्याचे ठिकाण ती बऱ्याच उशिरा झाली.

या दुराव्यामागे त्या काळच्या भरतीचे धोरण होते. १८५७ नंतर, आणि विशेषतः १८८०-९० च्या दशकांत लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, हिंदुस्थानातील काही जाती जन्मतः लढाऊ असून इतर नव्हेत, हा सिद्धान्त भरतीच्या कचेऱ्यांत पक्का झाला. मराठ्यांची भरती झाली ती कोकण आणि देशावरून. वऱ्हाड व मध्यप्रांत त्या नकाशाच्या कडेला राहिले. मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांनाही १८९० च्या दशकाच्या आरंभी भरतीचे दार बंद करण्यात आले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा येथील लढाईत पडलेल्यांची नावे तेथील विजयस्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांतील ‘नाक’ प्रत्यय असलेली नावे महार शिपायांची म्हणून ओळखली जातात. ज्यांची नावे कंपनी सरकारने दगडात कोरली त्यांच्याच नातवंडांना पलटणीत घेणे पुढील सरकारने नाकारले, हा विरोधाभास गोपाळबुवा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या अर्जविनंत्यांतून सरकारपुढे मांडला होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ पर्यंत ती मोडण्यातही आली.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या साडेचौदा लाखांच्या आसपास माणसांपैकी सुमारे साडेपाच लाख माणसे लढवय्या दलांत नव्हती. खेचरे हाकणारे, डोलीवाले, रस्ते व लोहमार्ग टाकणारे मजूर, भिस्ती, स्वयंपाकी आणि झाडूवाले यांची ही दुसरी फौज होती. लष्कराच्या परिभाषेत त्यांना अनुचर म्हणत, म्हणजे पलटणीबरोबर जाणारे पण शस्त्र न धरणारे. ज्या प्रदेशांना लढाऊ मानले गेले नव्हते तेथील माणसासाठी युद्धाचे दार बहुधा याच बाजूने उघडे होते, आणि म्हणून भंडाऱ्याच्या संशोधकाने केवळ शिपायांच्या याद्या चाळल्या तर त्याची माणसे हाताबाहेर राहण्याचा धोका असतो. शिवाय तुमसर भागात मँगनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाल्या होत्या, बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया आणि भंडारा रोड ही स्थानके मुंबई-कलकत्त्याला जोडली होती, आणि रोजगारासाठी गाव सोडणाऱ्या गड्याला पलटणीखेरीज इतर वाटा मोकळ्या होत्या. गावातून नाहीसा झालेला प्रत्येक तरुण युद्धावरच गेला होता असे समजणे हा कुटुंबांच्या आठवणींत वारंवार होणारा घोटाळा आहे.

युद्धोत्तर स्मारकांनी या घोटाळ्यात भरच घातली. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी आढळते. या गावातून महायुद्धासाठी इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढा मजकूर तिच्यावर असतो. मजकूर सर्वत्र एकसारखा, आकडा तेवढा गावागावाचा वेगळा. नाव एकही नाही. इराकमधील बसरा स्मारकावर मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मरण केलेले आहे, परंतु त्यातही हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची केवळ पलटणवार संख्या नोंदवली गेली. दिल्लीचे इंडिया गेट १९३१ मध्ये पूर्ण झाले, त्यावर तेरा हजारांवर नावे आहेत. पहिल्या महायुद्धातील हिंदी मृतांची सर्वसाधारणपणे मानली जाणारी संख्या मात्र चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात जाते. युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने नेमलेल्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मध्ये कबूल केले, की आशिया व आफ्रिकेतील पंचेचाळीस ते चौपन्न हजार मृतांचे स्मरण इतरांच्या तुलनेत असमान रीतीने झाले, आणि किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही. या दुसऱ्या गटात मोठा भरणा अनुचरांचा आणि हमालांचा आहे. आयोगाने माफी मागितली. माफीने यादी तयार होत नाही, ती कोणीतरी गावोगावच्या कागदांतून तयार करावी लागते.

त्या काळातील एक वस्तू मात्र नाव सांगते. मृतांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने पितळेसारख्या दिसणाऱ्या कांस्य धातूची सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची गोल पदके दिली. त्यांवर ब्रिटानिया व सिंह यांची आकृती आणि शेजारच्या चौकटीत मृताचे नाव उठावदार अक्षरांत असे. हुद्दा मुद्दाम गाळलेला असे, कारण मरणात सगळे समान हा त्यामागचा विचार होता. एखाद्या घरी देव्हाऱ्यात, धान्याच्या कोठीत किंवा जुन्या भांड्यांच्या ढिगात असे पदक मिळाले, तर ती संशोधनाची भक्कम सुरुवात ठरते. परंतु हुद्द्याबरोबर पलटण आणि क्रमांकही त्यावर नसतो, आणि विदर्भातील नावांचा मर्यादित संच लक्षात घेता केवळ नावावरून माणूस ठरवणे अवघड असते. समानतेच्या उदात्त कल्पनेने ओळख पटवण्याचे काम अवघड करून ठेवले, असे त्या पदकाविषयी म्हणावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी बऱ्याच समृद्ध आहेत. हिंदी सैन्य या वेळी पंचवीस लाखांपर्यंत वाढले, जातींच्या लढाऊपणाचा सिद्धान्त गरजेपुढे टिकला नाही, आणि पुरवठा, अभियंता, पायोनियर अशा दलांत सर्व प्रांतांतून भरती झाली. राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदवहीत या युद्धातील हिंदी सैनिकाच्या नावापुढे सेवाक्रमांक, हुद्दा, दल, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा एक लहानसा कौटुंबिक तपशील असतो: अमक्याचा व अमकीचा मुलगा, अमक्या गावचा राहणारा, अमकीचा पती. आई आणि पत्नी यांची नावे त्या काळच्या फारच थोड्या सरकारी कागदांत येतात, म्हणून ही ओळ मोलाची आहे. हिंदू सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांची कबर नसते. ब्रह्मदेशातील तौक्यान येथील रंगून स्मारक, सिंगापूरचे क्रांजी येथील स्मारक, इंफाळचे दहनस्मारक किंवा इटलीतील कॅसिनो स्मारक अशा ठिकाणच्या शिलापटांवर त्यांची नावे आहेत.

खरी कसोटी लागते ती या ओळीतील गावाच्या नावाशी. लष्करी कारकुनाने ऐकून रोमन लिपीत उतरवलेल्या नावात ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘द’ आणि ‘ड’ यांतील भेद बुडालेला असतो, आणि जिल्हा म्हणून ‘भंडारा’ लिहिलेले असले तरी तो आजचा भंडारा नसतो. त्या वेळी जिल्ह्याचे तीन तहसील होते, भंडारा, गोंदिया आणि साकोली. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि साकोली तहसिलीचा पूर्वेकडील भागही तिकडे गेला. उदाहरणादाखल, नोंदवहीत ‘पालांदूर, भंडारा’ एवढेच असेल तर किमान दोन गावे समोर येतात. एक पालांदूर (चौरास), जे आज भंडारा जिल्ह्याच्या लाखनी तालुक्यात आहे, आणि दुसरे पालांदूर (जमीनदारी), जे आज गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात आहे. चौरास म्हणजे वैनगंगा-चुलबंद परिसरातील सपाट, सुपीक, धानाचा पट्टा. जमीनदारी म्हणजे पूर्वेकडील डोंगरी व जंगली मुलूख, जो भोसल्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या काळातही स्थानिक जमीनदारांच्या ताब्यात राहिला. पिंपळगावचेही तसेच, पिंपळगाव (सडक) निराळे आणि पिंपळगाव (कोहळी) निराळे. लष्कराच्या शीट रोलमध्ये, म्हणजे भरतीच्या वेळी भरलेल्या वर्णनपत्रात, जातीचा रकाना असे. त्यात ‘कोहळी’ लिहिलेले आढळले, तर तलाव बांधण्यात वाकबगार असलेली ही जात प्रामुख्याने चौरासात आणि साकोलीच्या तलावपट्ट्यात वसलेली असल्याने शोध पहिल्या पालांदूरकडे वळवता येतो. ‘गोंड’ लिहिलेले असेल तर जमीनदारी मुलुखाची शक्यता वाढते. यातून खात्री मिळत नाही, पण कोणती वही आधी उघडायची ते ठरते.

ती वही म्हणजे कोतवालाची. मध्यप्रांतात कोतवाल हा गावचा पहारेकरी व निरोप्या असून गावातील जन्ममृत्यूंची खबर ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात देणे हे त्याचे काम होते; ती खबर ज्या पुस्तकात चढे त्याला विदर्भात आजही कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात. जातपडताळणीच्या प्रकरणांमुळे या वह्यांना आता मोठे महत्त्व आले असून तहसिलीत त्यांच्या नकलांसाठी अर्ज पडतच असतात. नोंद तुटक असते: तारीख, गाव, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचे नाव ठेवण्याआधीच खबर गेलेली असल्याने नावाचा रकाना नसतो किंवा कोरा असतो. म्हणजे सैनिकाचा जन्म शोधायचा तर बापाच्या नावाने शोधावा लागतो, आणि बापाचे नाव मिळते ते मृत्यूच्या नोंदीत. दोन्ही टोके एकमेकांवर अशी अवलंबून आहेत. मृत्यूचे पाहावे तर त्याच वहीत १९१८ च्या शरद ऋतूत ‘ताप’ हे कारण पानामागून पानावर येते, कारण इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी होते. परंतु त्याच महिन्यांत परदेशी मेलेल्या गावकऱ्याची नोंद तेथे नसते. मृत्यू जेथे घडला तेथे नोंदवायचा हा नियम असल्याने तो गावच्या वहीपुरता मेलेलाच नसतो. तो जन्मतो भंडाऱ्यात आणि मरतो आयोगाच्या इंग्लंडमधील दफ्तरात.

मधली वर्षे भरून काढायला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उपयोगी पडते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख (बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली), पालकाचा धंदा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. त्याहून बोलके असतात ते महसुली कागद. भंडारा हा मालगुजारीचा प्रदेश होता. १८६० च्या दशकातील जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना इंग्रजांनी गावाचे मालक ठरवले आणि कसणारा कुणबी, तेली, पोवार किंवा महार त्यांचा कास्तकार झाला. मौरूसी कास्तकार, म्हणजे ज्याला वहिवाटीचा वंशपरंपरागत हक्क होता तो, आणि साधारण कास्तकार, ज्याचा हक्क त्यापेक्षा कच्चा होता, असा भेद खसऱ्यात, म्हणजे गावच्या शेतवार नोंदवहीत, नोंदलेला असे. सैनिकाच्या घरचा हक्क कोणता होता हे कळले म्हणजे तो का गेला याचा तर्क करण्याला काही आधार मिळतो. साधारण कास्तकाराचा धाकटा मुलगा आणि तलावाखालची मौरूसी जमीन असलेल्या घरचा एकुलता मुलगा यांच्या भरतीला एकच अर्थ लावता येत नाही. मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५४-५५ मध्ये अधिकार अभिलेख तयार झाले. ज्या गटावर युद्धापूर्वी बापाचे नाव होते तेथे या अभिलेखात दिराचे नाव चढले की विधवेचे, यावरून सैनिकाच्या मागे त्याच्या घरात काय झाले ते जितके नेमके कळते तितके सरकारी सांत्वनपत्रावरून कळत नाही. या टप्प्यावर एक व्यावहारिक अडचण येते. हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात, त्यानंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात असल्याने वरिष्ठ पातळीवरचे कागद नागपूर, मुंबई आणि भोपाळ अशा तीन ठिकाणी वाटले गेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धातील भरतीचा भंडाऱ्याशी सर्वांत जवळचा धागा महार रेजिमेंटचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह त्यांनी धरला. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे पहिली पलटण आणि त्या सुमारास कामठी येथे दुसरी पलटण उभारली गेली. कामठीची छावणी वसून एकशेवीस वर्षे झाल्यावर वैनगंगेच्या खोऱ्यातील दलित तरुणाला तिच्यात बंदूक हाती धरून प्रवेश मिळाला. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. या पलटणींतून निवृत्त झालेले नाईक-हवालदार पुढे गावोगावच्या समता सैनिक दलात आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामात दिसतात, आणि १९५४ मध्ये आंबेडकरांनी लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी भंडारा हा मतदारसंघ निवडला तेव्हा तेथील संघटनेची बांधणी विचारात घेण्याजोगी होती. त्या निवडणुकीत काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. परत आलेल्यांचे हे सार्वजनिक आयुष्य नोंदले गेले. न आलेल्यांची आठवण त्यांच्या सोबत्यांच्या तोंडी राहिली आणि ती पिढी आता संपली आहे.

नोंदींच्या दृष्टीने दुसऱ्या टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशिनगनचा मारा झाला आणि ते सोडून तुकडीतील सर्वजण ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबाँबने मशिनगन व ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीतील काडतुसांची पेटी बदलायला वेळ नसल्याने नळी हातात धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक झाले. परंतु या सगळ्या स्मरणाचा आधार असलेले मानपत्र काही मिनिटांच्या घटनेचे आहे. बावीस वर्षांच्या आयुष्यातील बाकी सर्व काळ, पळसगावचे घर, शेती, शाळा, भरतीचा दिवस, यांविषयी मानपत्र काही सांगत नाही, कारण ते त्याचे काम नव्हते. शौर्याने नाव वाचले आणि तरीही चरित्र गावातूनच लिहावे लागते, हे व्हिक्टोरिया क्रॉसच्या बाबतीतही खरे ठरते. घाडगे यांच्या बाजूने एक गोष्ट होती. कोकण हा मराठा पलटणींच्या भरतीचा परंपरेचा मुलूख असल्याने बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राने आणि गावातील माजी सैनिकांनी ती आठवण एकमेकांना धरून जपली. पायोनियर दलातून किंवा खेचरांच्या तुकडीतून गेलेल्या भंडाऱ्याच्या माणसामागे अशी रेजिमेंट उभी नसते, आणि त्या दलांतील बऱ्याच तुकड्या युद्धानंतर मोडल्या गेल्याने त्यांची आठवण ठेवणारे घरही क्वचितच उरले.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याचा लष्कराशी संबंध आणखी एका वाटेने जुळला. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या दशकात भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे स्फोटके तयार करणारा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला आणि हजारो कुटुंबे युद्धसामग्रीच्या कामावर जगू लागली. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. पहिल्या महायुद्धातील अनुचरांना स्मारकावर घ्यावे की नाही, हा वाद ज्यांना जुना वाटतो त्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा. युद्धाच्या कामासाठी मरणाऱ्यांत गणवेश नसलेले कोण, आणि त्यांची यादी कोणी ठेवायची, हे आजही ठरलेले नाही.

गणवेशातील मृतांची यादी मात्र आता पक्की ठेवली जाते. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी लोकार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात स्वातंत्र्योत्तर संघर्षांत प्राण दिलेल्या प्रत्येकाचे नाव ग्रॅनाइटच्या स्वतंत्र पट्टीवर आहे, आणि घोषित युद्धाबरोबर सीमेवरील चकमकी व शांतिसेनेच्या मोहिमाही त्यात धरल्या आहेत. भंडारा जिल्ह्याला ही व्याप्ती महत्त्वाची आहे. पवनीचे मेजर प्रफुल्ल मोहरकर यांना २३ डिसेंबर २०१७ रोजी जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातील केरी भागात, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानकडून झालेल्या गोळीबारात वीरमरण आले. त्यांच्या तुकडीतील जवानही त्यांच्याबरोबर पडले. त्या वेळी दोन्ही देशांत घोषित युद्ध नव्हते. ज्या गावात रूपिअम्माचा छायास्तंभ मिळाला त्याच गावचे हे दुसरे नाव आहे, आणि या नावाबरोबर हुद्दा, ठिकाण, तारीख आणि घटनेचा क्रम त्याच दिवशी सर्व देशाला कळला.

मोहरकरांच्या चरित्रकारापुढची अडचण म्हणूनच जुन्या सैनिकांच्या उलट आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार लष्करी कारवायांचे कागद सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले व्हावयाचे आहेत, म्हणजे केरीच्या त्या दिवसाचा पलटणीकडील दस्तऐवज अभ्यासकाच्या हाती पडायला २०४० चे दशक उजाडेल. तो कागद तोवर सुरक्षित राहील. कोतवालाची वही आता नाही आणि जन्मनोंद संगणकात असली तरी तिच्यातून माणूस कळत नाही. पवनीतील वर्गमित्र, शिक्षक, शेजारी आणि सहकारी अधिकारी यांच्याकडे जे आहे ते कोणत्याही अभिलेख कक्षात जमा झालेले नाही. जुन्या सैनिकाचा शोध मृत्यूच्या नोंदीपासून गावाकडे न्यावा लागतो. या पिढीच्या सैनिकांचा शोध गावापासून सुरू करून लष्करी कागद खुला होण्याची वाट पाहणे हाच योग्य क्रम ठरतो, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद असलेल्या वीरमाता व वीरपत्नी यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून जिल्हा ग्रंथालयात ठेवण्याचे काम त्यासाठी आजच हाती घेता येण्याजोगे आहे.